'सुजाता'तील गाणी : प्रेम दोघांचे, आवाज कुणाचा?

बिमल रॉय यांचा 'सुजाता' हा चित्रपट १९५९ साली आला. मी तो पाहिला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, गावच्या जत्रेत लागलेल्या तंबूच्या टॉकीजमध्ये. मध्ये कापडाचा पडदा लावून एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला बापे बसत. आमच्या वस्तीची माणसे मात्र, कुणी सांगितले नसतानाही, तंबूच्या एका कडेला बसत. अस्पृश्य पोरीचा पिक्चर आहे अशी बातमी वस्तीत पोचली होती, म्हणून त्या रात्री आमच्या बाजूची गर्दी जास्त होती. परतताना सगळे खूश होते. पोरीचे लग्न झाले होते, आणि तेही बामणाच्या पोराशी. फक्त माझी आत्या गप्प होती. वेशीपाशी आल्यावर ती म्हणाली, "आरं, त्या पोरानं फोनवर येवढं गानं म्हनलं. मंग ती का न्हाई काही बोलली? हूं तरी म्हनायचं हुतं."

कुणीतरी हसले. "पिच्चर हाय त्यो, आत्या," म्हणाले. मीही हसलो. पुढे शिकलो, मास्तर झालो, साहित्य-समीक्षेची पुस्तके वाचली. तेव्हा माझ्या लक्षात आले की या चित्रपटावर मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षणापेक्षा आत्याचा प्रश्न खोल होता. प्रस्तुत लेखात मला त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे.

हिंदी चित्रपटात प्रेम कसे वाढते? ते संवादांतून वाढत नाही, गाण्यांतून वाढते. पहिल्या गाण्यात नजरानजर, दुसऱ्यात छेडछाड, तिसऱ्यात कबुली, चौथ्यात विरह असा हा ठरलेला जिना आहे. आणि या जिन्याच्या वरच्या पायरीवर एक युगुलगीत असते. दोघांनी एका सुरात, एकमेकांना ओळी देत-घेत गायिलेले. युगुलगीत म्हणजे पडद्यावरचा विवाहच असतो. तिथे दोन आवाज समान पातळीवर उभे राहतात. तो गातो, ती उत्तर देते. लग्नाचा प्रसंग नंतर येतो, पण प्रेक्षकांनी त्यांचे लग्न या गाण्यातच लावून दिलेले असते.

'सुजाता'त सचिन देव बर्मन यांचे संगीत आहे आणि मजरूह सुलतानपुरी यांची गीते. मजरूह हे पुरोगामी लेखक चळवळीतले कवी. म्हणजे सूर जाणणारा आणि शोषण जाणणारा, असे दोघेही इथे होते. गाणी उत्तम आहेत. साठ-पासष्ट वर्षांनंतरही लोकांच्या ओठांवर आहेत. पण या चित्रपटात सुजाता आणि अधीर यांचे एकही युगुलगीत नाही. ज्या चित्रपटाचा सारा विषयच दोन जातींतील दोन माणसांनी एकत्र येणे हा आहे, त्यात ती दोन माणसे एकदाही एकत्र गात नाहीत. याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर चित्रपट आधारलेला आहे. पटकीच्या साथीत एक अस्पृश्य मजूर जोडपे मरते. त्यांची तान्ही मुलगी उपेन चौधरी या ब्राह्मण इंजिनियरच्या घरी येते. उपेनला आणि त्याची बायको चारू हिला स्वतःची एक मुलगी आहे, रमा. दोघी एकाच घरात वाढतात. पण रमा ही मुलगी असते आणि सुजाता ही 'मुलीसारखी'. पाहुण्यांना ओळख करून देताना चारू हा 'सारखी' शब्द कधी विसरत नाही. साऱ्या सवर्ण उदारमतवादाची मर्यादा त्या एका शब्दात मावते. मग अधीर येतो. सुशिक्षित, सुसंस्कृत ब्राह्मण तरुण. घरच्यांनी त्याला रमासाठी योजलेले असते, त्याचे मन मात्र सुजातावर जडते. ही बंगाली घरातली कथा पडद्यावर उभी केली ती मराठी नट्यांनी. सुजाता झालेली नूतन, रमा झालेली शशिकला, चारू झालेल्या सुलोचनाबाई आणि सोवळ्या बुआजी झालेल्या ललिता पवार. म्हणून ते घर आम्हाला कधी परके वाटले नाही. असली घरे आम्ही दाराबाहेरून पाहिलेली होती.

आता गाण्यांकडे वळू.

गीता दत्त यांच्या आवाजातील अंगाईगीतात आई मुलीला झोपवते आहे. गाणे इतके मऊ आहे की ऐकणाऱ्यालाही पेंग यावी. पण ते आहे रमाच्या पाळण्यासाठी. सुजाता आयाच्या हाती वाढते आहे. म्हणजे या घरात पहिला भेदभाव ताटात होत नाही, पाण्याच्या भांड्यात होत नाही. तो गाण्यात होतो. एका लेकराला अंगाई मिळते, दुसऱ्याला तिच्या भिंतीपलीकडून येणारा आवाज. ज्या मुलीला उद्देशून कुणी गायिले नाही, ती मोठेपणी कुणाला उद्देशून गाऊ शकेल काय? तिच्या पुढच्या साऱ्या मौनाचे बी इथे पडले आहे, असे मला वाटते.

नंतर दोघी बहिणी मोठ्या झाल्यावरचे, बालपणाच्या आठवणीचे गाणे येते. गीता दत्त आणि आशा भोसले यांनी ते मिळून गायिले आहे. रमा पियानोवर बसली आहे आणि सुजाता घरकामात आहे. रमा मोकळ्या गळ्याने गाते, सुजाता कामाच्या नादात तिच्या सुरात आपला सूर मिसळते. बरेचदा नुसती गुणगुणते. चित्रपटात सुजाताला कुणाबरोबर गाता येते ते एवढेच, आणि तेही एका छताखाली पण वेगवेगळ्या जागी उभे राहून. दोघींचे प्रेम खोटे नाही. रमा ही खरोखरच निर्मळ मुलगी आहे. पण पियानो एकीचा आहे आणि काम दुसरीचे, हे गाणे लपवत नाही.

यानंतर अधीर आयुष्यात आल्यावर सुजाताच्या मनात काय हलते, ते सांगणारे पावसाळी ढगांचे गाणे. आशा भोसले यांचा आवाज. इथे सुजाता पहिल्यांदा आणि शेवटचीच मनापासून गाते. आकाश भरून आले आहे, जीव कासावीस झाला आहे, कुणीतरी यावे असे वाटते आहे. पण हे गाणे ऐकायला कुणी नाही. ती एकटी आहे, झाडापानांत आहे. घरातल्या माणसांसमोर तिला हे गाता आले नसते, अधीरसमोर तर नाहीच. प्रेमाची जाणीव झाली आहे. ती उच्चारण्याचा अधिकार मात्र फक्त एकांतात आहे.

मग नदीकाठचे गाणे. ते स्वतः बर्मनदांनी गायिले आहे. पूर्व बंगालच्या नावाड्यांच्या भटियाली गाण्यांचा तो सूर. बर्मनदा राजघराण्यातले खरे, पण कोमिल्ल्याच्या पाण्यामातीत वाढले, तिथल्या नावाड्यांचे गाणे कानात साठवून मुंबईला आले. सुजाता आणि अधीर नदीवर आहेत, कुणीतरी माझी गातो आहे आणि दोघे नुसते ऐकत आहेत. या गाण्याची रचना मला विलक्षण वाटते. गळा पुरुषाचा आहे, पण शब्द बाईचे. झाड आणि त्यावर चढणारी वेल, समुद्र आणि त्याला मिळणारी नदी अशा जोड्या त्यात येतात, आणि सगळे बोलणे 'असते तर' या भाषेत. जे सुजाताच्या ओठांवर यायला हवे होते, ते नाव वल्हवणाऱ्या एका अनामिक श्रमिकाच्या तोंडून येते. तिच्या वतीने बोलायला त्या सुशिक्षित जगात कुणी नव्हते. एक नावाडी तेवढा निघाला. मला यात एक सत्य दिसते. पण प्रश्न उरतोच की ती शेजारी बसलेली असताना तिचे मन दुसऱ्याने का सांगावे?

आणि शेवटी आत्याला खटकलेले फोनवरचे गाणे. तलत महमूद यांचा कापरा, हळवा आवाज. अधीर आपल्या खोलीत आहे आणि सुजाता घरात रिसीव्हर कानाला लावून उभी आहे. प्रेमाची कबुली ती ही. टेलिफोनची ही योजना मला फार बोलकी वाटते. तारेला विटाळ नसतो. उंबरठा न ओलांडता, बुआजींच्या सोवळ्याला धक्का न लावता, एक आवाज दुसऱ्या कानापर्यंत जातो. पण टेलिफोन हे दोन्ही बाजूंनी बोलायचे यंत्र आहे. इथे ते एकाच बाजूने चालते. तो गातो, ती ऐकते. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. नूतनचा अभिनय असा की नुसत्या चेहऱ्यावर सगळे गाणे उमटते. समीक्षक त्या चेहऱ्याचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण त्या अश्रूंनी भारावून जाताना, इथे एका माणसाचे उत्तर गाळले गेले आहे, हे मात्र कुणाला जाणवत नाही. माझ्या अडाणी आत्याला ते जाणवले होते.

हे असे का झाले? एक उत्तर सोपे आहे की सुजाता लाजरी, सोशिक मुलगी आहे. पण लाजऱ्या नायिका हिंदी चित्रपटात शेकड्यांनी आहेत आणि त्या सगळ्या झाडामागून का होईना, युगुलगीते गातात. तेव्हा कारण स्वभावात नाही. ते शोधण्यासाठी आपल्याला आणखी मागे जावे लागेल.

'अछूत कन्या' हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट १९३६ सालचा. फ्रान्झ ऑस्टेन यांचे दिग्दर्शन, सरस्वती देवी यांचे संगीत. रेल्वेच्या फाटकावर काम करणाऱ्या अस्पृश्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. त्यात देविका राणी आणि अशोककुमार यांनी स्वतःच्या आवाजात गायिलेले, पाखरांचे रूपक घेतलेले युगुलगीत आहे. दोघे एकमेकांना ओळी देत-घेत गातात. पण त्या कस्तुरीचे शेवटी काय होते? दोन पुरुषांची मारामारी थांबवायला धावताना ती रेल्वेखाली मरते.

आता हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. १९३६ ची अस्पृश्य मुलगी बरोबरीने गाते, पण जगत नाही. १९५९ ची अस्पृश्य मुलगी जगते, तिचे लग्नही होते, पण ती बरोबरीने गात नाही. मधल्या तेवीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. पडद्यावरची अस्पृश्य स्त्री मरणातून सुटली हे पाऊल लहान नाही; बिमल रॉय यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण जगण्याची किंमत म्हणून तिच्याकडून आवाज मागून घेतला गेला.

'अछूत कन्या' आला त्याच १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, आणि ज्या शास्त्रांच्या आधाराने माणसे जात पाळतात त्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारल्याशिवाय असे विवाह होणार नाहीत, ही त्यातील भूमिका आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 'सुजाता'त विवाह होतो, पण शास्त्राला नकार कुठे दिला जातो? चारू जिन्यावरून पडते, तिला रक्ताची गरज लागते, आणि घरातल्या कुणाचे नाही, फक्त सुजाताचे रक्त जुळते. त्या रक्ताने जीव वाचल्यावर 'मुलीसारखी'ची 'मुलगी' होते. हा चित्रपट मी वर्गात शिकवला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, रक्तगट जुळला नसता तर?" मी उत्तर देऊ शकलो नाही. माणूसपण सिद्ध करायला रक्त द्यावे लागले, म्हणजे ते मुळात मान्य नव्हतेच. या घराने तिचे रक्त घेतले. तिचे म्हणणे मात्र कधी घेतले नाही.

या चित्रपटात रवींद्रनाथांच्या 'चंडालिका'चा प्रयोगही योजला आहे. चांडाल कन्या प्रकृती आणि तिच्या हातचे पाणी पिणारा बुद्धशिष्य आनंद यांची ती कथा. मूळ कथा बौद्ध वाङ्मयातील, दिव्यावदानातल्या शार्दूलकर्णावदानातली. चित्रपटाला तिच्यातली करुणा हवी होती, ती त्याने घेतली. पण मूळ अवदान तेवढ्यावर थांबत नाही. प्रकृती भिक्षुणी होते, श्रावस्तीचे ब्राह्मण बिथरतात, आणि मग बुद्ध पूर्वजन्मीची कथा सांगतात. मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी ब्राह्मण पुष्करसारीच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. तेव्हा त्रिशंकू वाद घालतो. पशुपक्ष्यांत जाती निसर्गाने वेगळ्या दिसतात, तसा भेद माणसामाणसांत कुठे दिसतो, असे तो विचारतो. वादात तो जिंकतो आणि लग्न होते. कुणाच्या दयेने नाही, कुणाला रक्त देऊनही नाही, युक्तिवादाने. हा त्रिशंकू 'सुजाता'त नाही. तो असता तर सुजाताने फोनवर उत्तर दिले असते.

आणि त्रिशंकू तिला मिळणार तरी कुठून? चित्रपटाने तिला माणसेच ठेवलेली नाहीत. आई-बाप पहिल्याच रिळात मेले. वस्ती नाही, भाऊबंद नाहीत. स्वतःची जात कळल्यावर ती भर पावसात जीव द्यायला निघते, तेव्हा तिला गांधीजींचा पुतळा आणि त्यावरचा उपदेश भेटतो. १९५६ साली नागपूरला लाखो माणसांनी धर्मांतर करून जुने जगणे नाकारले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात त्या घटनेचा एक शिंतोडाही नाही. कथा बंगालची, म्हणून ते समजून घेता येईल. पण आमच्या वस्तीतल्या बाया जात्यावर ओव्या गात होत्या आणि त्या ओव्यांत बाबासाहेब येत होते. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव झाले होते. वामनदादा माईक नसताना हजारोंना ऐकू जाईल असे गात होते. आमच्याकडे गाणे ही एकांतात लपवायची गोष्ट नव्हती. ते चारचौघांत उभे राहून म्हणायचे होते. सुजाता मुकी जन्मली नाही. तिला तिच्या माणसांतून उचलले गेले, म्हणून ती मुकी झाली.

एकेकाळी मी हे सगळे दोष म्हणून मांडत असे. आज माझे मत थोडे बदलले आहे. बिमल रॉय यांना सुजाता-अधीरचे युगुलगीत घालणे अवघड नव्हते. मजरूह होते, बर्मनदा होते, तलत-आशाही होते. तसे गाणे आले असते तर प्रेक्षक खूश झाला असता आणि ते गाणे खोटे ठरले असते. ज्या घरात ती 'सारखी' आहे, त्या घराच्या सावलीत ती समान सुरात गाऊ लागली असती, तर भिंत आहे हेच विसरले गेले असते. दिग्दर्शकाने तिला गायला लावले नाही. त्याने ते जाणून केले की त्याच्या हातून झाले, याचा निवाडा मी करत नाही. पण पडद्यावर आज ते मौन पुरावा म्हणून उभे आहे. करुणा किती दूर जाऊ शकते आणि कुठे थांबते, याचा पुरावा.

हा विषय जुन्या चित्रपटाचा नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाचा खून झाला. त्याच्यावरचा आळ एवढाच की तो सवर्ण मुलीशी बोलला. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. नुसत्या बोलण्याची ही किंमत असेल, तर गाण्याची काय असेल? त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या आणि पाटलाची आर्ची. इथे युगुलगीत आहे, आणि चांगले दणदणीत आहे. आर्ची उत्तर देते. किंबहुना आधी तीच विचारते. अजय-अतुल यांची चारही गाणी मात्र ती दोघे गाव सोडून पळण्याआधीच संपतात. पुढच्या भागात संसार आहे, पोर आहे, कष्ट आहेत, पण गाणे नाही. आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतला आहे. लहान पोराचे रडणेसुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे १९३६ चा हिशेब २०१६ मध्ये पुन्हा समोर आला. बरोबरीने गायिलात तर मराल. फरक इतकाच की 'अछूत कन्या'च्या शेवटी रेल्वेचा अपघात होता. मंजुळे यांनी अपघाताची सबब ठेवली नाही. मारणारे हात दाखवले.

आपल्या तरुण मित्रांना मला एवढेच सांगायचे आहे. आंतरजातीय विवाहाचे सत्कार होतात, अनुदाने मिळतात, फोटो निघतात, आणि ते जरूर व्हावे. पण त्या घरात नंतर डोकावून पाहा की दुसऱ्या आवाजाला जागा आहे का. ती की तो, जो 'खालून' आला आहे, त्याला तिथे आपल्या आईची ओवी म्हणता येते का? जयंतीचे गाणे मोठ्याने लावता येते का? की कृतज्ञतेने रिसीव्हर कानाला लावून नुसते ऐकायचे आहे? ज्या लग्नात एकालाच गाता येते, तिथे जात मोडलेली नसते. तिला आत घेतलेले असते.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. 'सुजाता' मी अजूनही अधूनमधून पाहतो. तलतचे गाणे सुरू झाले की मन भरून येते, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पण गाणे संपून ती रिसीव्हर खाली ठेवते, तेव्हा दर वेळी तंबूच्या त्या कडेवरून आवाज येतो. हूं तरी म्हनायचं हुतं.